आधी पन्हळ दुरुस्त करा : पार्ल्यातल्या १९२४ सालच्या घराबद्दल खुले पत्र

प्रति,
संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. पार्ल्यात ज्यांना हे घर ठाऊक आहे त्यांना ते दोन ओळींत कळेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी नावात न अडकता मुद्दा वाचावा, एवढीच इच्छा आहे. याआधी मी आपल्याला तीन पत्रं टपालाने पाठवली. दोनांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र एकाचंही आलं नाही. म्हणून हे चौथं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मागच्या सोमवारी सकाळी पुस्तक बदलायला वाचनालयात आले, तेव्हा दर्शनी दाराच्या सागवानी चौकटीवर आपल्या सहीची सूचना डकवलेली दिसली. इमारत 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक वर्गात मोडते, ती लवकरच रिकामी करून पाडण्यात येईल, सभासदांनी सहकार्य करावं. त्या कागदाच्या खालीच शिशुवर्गाच्या बाई उभ्या होत्या आणि एकेका मुलाचा हात धरून त्याला आत घेत होत्या. घर खरोखर कोसळायला आलं असेल, तर त्या मुलांना एक दिवसही आत घेता येणार नाही. आणि ते कोसळायला आलेलं नसेल, तर त्या दारावर तो कागद लावता येणार नाही. दोन्हींपैकी काय खरं, ते आपण आधी सांगावं.

माझं या घराशी नातं काय, ते सांगते. १९५७ साली मी याच घरात, मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत जन्मले. वडील भाडेकरू होते. ज्यांनी घर बांधलं ते आबा तेव्हा फार थकले होते. दिवसभर ते पश्चिमेच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत असायचे. घराचा सगळा कारभार त्यांच्या मुलीकडे होता. त्यांना आळीत सगळे ताईच म्हणत. १९७८ मध्ये ताईंनी बक्षीसपत्र करून घर संस्थेला दिलं. इथे बालकांचा वर्ग आणि सार्वजनिक वाचनालय चालावं, अशी त्यात अट घातली. वाचनालयाला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९८१ मध्ये माझ्या वडिलांनी आमच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या. भाडेकरू कायद्याचं पूर्ण संरक्षण असताना त्यांनी एक पैसा पागडी घेतली नाही. आई त्यांच्याशी महिनाभर नीट बोलत नव्हती. वडील म्हणायचे, "पुस्तकांना जागा द्यायची आहे, कोणा दुकानदाराला नाही." आज त्या खोल्यांत संदर्भविभाग आहे, आणि विकासकाकडून इथे नवी इमारत बांधून घेण्याच्या आपल्या प्रस्तावात त्याच जागेवर मोटारी लावायची सोय दाखवलेली आहे.

पुढे मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. नकाशा वाचता येतो, काढता येतो. यंदा फेब्रुवारीत तीन रविवार पुतण्याला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मी हे घर जोत्यापासून आढ्यापर्यंत मोजलं. म्हणजे पुढे जे लिहिते आहे, ते नुसतं आठवणीवर लिहिलेलं नाही.

हे घर उभं राहिलं तेव्हा पार्ले मुंबई महापालिकेत नव्हतं. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. १९२४ मध्ये आबांनी हे घर बांधलं, तेव्हा स्टेशनपासून इथपर्यंत भाताची शेतं आणि ताडाची झाडं होती, असं ताई सांगायच्या. आबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि गिरगावातल्या चाळीत दीड खोलीत सात माणसांत वाढले होते. १८९६ च्या प्लेगमध्ये त्यांच्या घरातली दोन माणसं गेली. प्लेगनंतर मुंबईतल्या मध्यमवर्गाच्या मनात 'हवेशीर' हा शब्द घट्ट बसला. आबांसारख्या लोकांनी कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून उपनगरात प्लॉट घेतले ते या एका शब्दासाठी. चार वर्षांनी, ५ जानेवारी १९२८ ला बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि रोजचं जाणं-येणं सोपं झालं. आपण ज्याला आज पार्ले म्हणतो, ते अशा लोकांनी अशा घरांतून घडवलं. १९५० मध्ये महापालिकेची हद्द इथपर्यंत आली, तोवर आपलं हे गाव वसून झालेलं होतं.

आता घराकडे बघा. 'हवेशीर' म्हणजे काय, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. बैठं घर, वर माळा. जोतं काळ्या दगडाचं, अडीच फूट उंच. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, दीड फूट जाड. रस्ता पूर्वेला असूनही घराचा मोठा व्हरांडा पश्चिमेला आहे. लहानपणी मला हे चुकल्यासारखं वाटायचं, पाहुणे येतात त्या बाजूला जेमतेम पायऱ्या आणि मागे एवढा मोठा व्हरांडा. मोजायला बसले तेव्हा कळलं. पश्चिमेची वळचण भिंतीपासून साडेचार फूट बाहेर येते, पूर्वेची फक्त अडीच फूट. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो आणि पाऊसही नैर्ऋत्येकडूनच मारतो. वारा आत यावा आणि पाऊस बाहेर राहावा, म्हणून कोणा मेस्त्रीने एका बाजूची वळचण दोन फुटांनी वाढवली. भर जुलैत त्या व्हरांड्यात बसून पेपर वाचता येतो. मी वाचलेला आहे, मुलांनी तिथे पाढे म्हटलेले आहेत.

खिडक्यांना लाकडी झडपा आहेत आणि झडपांना फिरत्या पट्ट्या. मधली उभी काठी वर-खाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात किंवा मिटतात. उकाड्यात आतला माणूस बाहेरून दिसू न देता वारा घ्यायची ही सोय. संदर्भविभागातल्या उत्तरेकडच्या खिडकीची खालून तिसरी पट्टी बाकीच्यांपेक्षा फिकट आहे. ती १९७४ मध्ये तुटली होती आणि माझ्या वडिलांनी आंब्याच्या पेटीची फळी तासून बसवली. झडप उघडून आतल्या बाजूने पाहिलं तर 'देवग' एवढी अक्षरं अजून वाचता येतात. पन्नास वर्षांवर झाली, ती पट्टी अजून इतरांबरोबर फिरते. दुरुस्त होऊ शकतं असं घर कसं असतं, हे मी या पट्टीवरून शिकले. एक भाग गेला की तेवढाच बदलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही.

डिसेंबरमध्ये मी मंडळातल्या एका सदस्यांना भेटले. त्यांनी मला सरळ विचारलं, "पण बाई, इथे कोण मोठं राहून गेलं?" प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता, म्हणून त्याचं उत्तरही मनापासून देते. इथे कोणी मोठं राहून गेलं नाही. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह हे बाबासाहेबांनी आपल्या पुस्तकांसाठी बांधलेलं घर, त्याच्यापुढे आपण डोकं टेकवतो आणि ते योग्यच आहे. गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी राहिले, म्हणून ते जपलं. पण उपनगरं मोठ्या माणसांनी वसवलेली नाहीत. ती कारकुनांनी, शाळामास्तरांनी, तारमास्तरांनी वसवली. त्यांच्या घरांपैकी एकही उभं राहिलं नाही, तर त्यांनी काय केलं हे दाखवायला आपल्याकडे रस्त्यांच्या पाट्या उरतील. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्यात छावणी होती. त्या वेळी आळीतल्या बायका भाकऱ्या भाजून या व्हरांड्यात आणून ठेवायच्या आणि इथून त्या छावणीवर जायच्या, असं ताई सांगायच्या. भाकऱ्या भाजणाऱ्या त्या बायकांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. त्या जिथे टेकल्या तो ओटा मात्र आहे.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे. तिच्यात वास्तूंचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू येतात, दुसऱ्यात शहराच्या किंवा परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या. तिसरा दर्जा अशा वास्तूंसाठीच ठेवला आहे, ज्यांच्यामुळे एखाद्या वस्तीला तिचा चेहरा मिळतो, ज्या एखाद्या समाजाची किंवा भागाची राहणी दाखवतात. मोठा माणूस राहून गेलेला असावा, अशी अट त्यात नाही. बोरीबंदरच्या स्थानकाला २००४ मध्ये आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. पण त्या भागातून संध्याकाळी गाडी पकडून माणसं जिथे परत यायची, ती घरंही त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहेत. हा अर्धा भाग आपण जवळजवळ संपवत आणला आहे. आमच्या रस्त्यावर माझ्या लहानपणी अशी अकरा घरं होती. आज हे एक आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार संरचना तपासणीच्या अहवालाबद्दल आहे. चौतीस पानांचा हा अहवाल मी दोनदा वाचला. त्यात रिबाउंड हॅमरची चाचणी आहे, ध्वनिलहरींची आहे, सळ्या गंजत असण्याची शक्यता किती हे पाहणारी हाफ-सेल चाचणी आहे, कार्बोनेशनची आहे. या सगळ्या आरसीसीच्या, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या चाचण्या. या घरात आरसीसी आहे कुठे? १९६८ मध्ये मागच्या बाजूला न्हाणीघर आणि संडास यांचं जोडबांधकाम केलं, तेवढ्यातच. सगळं मिळून सव्वाशे चौरस फूट. चाचण्या तिथे झाल्या, छायाचित्रं ११ ते २६ तिथलीच आहेत, आणि निष्कर्ष मात्र संपूर्ण घराला लावला आहे. मूळ घराबद्दल दीड पान आहे. त्यात 'पहिल्या मजल्याच्या स्लॅबला भेगा' असं वाक्य आहे. या घराला पहिला मजला नाही. स्लॅबही नाही. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीच्या अहवालातून इथे आलं असावं. ते सही करण्याआधी मंडळातल्या एकाच्याही नजरेला पडू नये, याचं मला फार वाईट वाटलं. लाकडाची तपासणी कुठेच नाही. चुन्याच्या भिंतीची नाही. आणि अहवालासाठी तपासनीस सुचवला कोणी, तर ज्यांना पुनर्विकास करायचा आहे त्या विकासकाने. तपासनिसाच्या हेतूवर मी शंका घेत नाही, पण हा क्रमच चुकीचा आहे.

लाकूड मी तपासून घेतलं. कणकवलीकडचे एक सुतार आहेत, जुन्या घरांचीच कामं करतात. वाशांची भिंतीवर टेकलेली चौदा टोकं त्यांनी टोचा घेऊन एकेक करून पाहिली. अकरा ठिकाणी टोचा आत शिरला नाही, त्यांनी जोर लावला तरी. तीन टोकं कुजलेली निघाली. त्यांच्याखाली भिंतीवर आडवं टाकलेलं जे लाकूड आहे, तेही दोन फूट कुजलेलं आहे. हे सगळं नैर्ऋत्येच्या एकाच कोपऱ्यात.

तो कोपरा हीच माझी दुसरी तक्रार. २०१९ च्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यावरची पत्र्याची पन्हळ तुटली. तक्रारवहीत त्याची नोंद आहे, अक्षर माझं आहे. पुढच्या वर्षी परत नोंद आहे, ती ग्रंथपालांची. त्यानंतर शिशुवर्गाच्या बाईंची. तेव्हापासून दर पावसाळ्यात छपराचं निम्मं पाणी त्या एका जागी कोसळतं आहे. त्याआधी २०११ मध्ये व्हरांड्यालगतच्या भिंतीला चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट दिला होता. चुन्याची भिंत पावसात ओल पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं. ओल वर चढली आणि गिलाव्याच्या रेषेवर फुटून बाहेर आली. अहवालातलं 'भिंतींमध्ये गंभीर ओलावा' हे निदान त्याच रेषेचं आहे. म्हणजे घर म्हातारं होऊन खचलेलं नाही. त्याची साधी देखभाल आपण थांबवली, आणि आता त्याचाच दाखला देऊन ते पाडायला निघालो आहोत. ही गोष्ट मी कडक शब्दांत लिहिते आहे, कारण मला ती दुसऱ्या शब्दांत लिहिता येत नाही.

तिसरी तक्रार सभेची. ठराव झाला त्या दिवशीच्या विषयपत्रिकेत 'पुनर्विकास' हा शब्द नव्हता. वार्षिक अहवाल, जमाखर्च, हिशेबतपासनिसांची नेमणूक, आणि शेवटी नेहमीप्रमाणे 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने त्याच जागी परत भरली, आणि एकेचाळीस माणसांपुढे आयत्या वेळचा विषय म्हणून शंभर वर्षांच्या घराचा निकाल लागला. नियमात हे बसत असेलही. पण चहाचा पेला बदलायचा तरी आपण घरात विचारतो.

चौथी तक्रार कराराच्या मसुद्याची. एका कलमात लिहिलं आहे की पाडकामातून निघणारं सागवान, दारं, खिडक्या, कौलं आणि फरशा विकासकाच्या मालकीच्या होतील. त्यापोटी संस्थेला ठरावीक रक्कम मिळेल. हे जुन्या झाडांचं ब्रह्मदेशी सागवान आहे. या जाडीचं लाकूड आता मिळत नाही, म्हणून ओशिवऱ्याच्या बाजारात त्याला मागणी असते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझा प्रश्न एवढाच, की लाकूड कुजलेलं असेल तर ते विकत कोण घेतं आहे? आणि ते चांगलं असेल तर घर धोकादायक कसं?

आणखी एक. १९२३ चा मूळ नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काढलेला होता. मी तो १९८६ मध्ये कार्यालयातल्या लोखंडी कपाटात पाहिला आहे. हाताने काढलेली अक्षरं इतकी एकसारखी की मी माझ्या साहेबांना दाखवायला मागितला होता. आता तो 'सापडत नाही' असं सांगतात. कृपा करून नीट शोधा.

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. सभासद कमी होत आहेत, वर्गणीत पगारही निघत नाहीत. शिशुवर्गाला धड स्वच्छतागृह नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या वाचकाला पायऱ्या चढता येत नाहीत. विकासक दोन मजले आणि भरीव ठेव देऊ करतो आहे, तेव्हा मोह होणारच. पुनर्विकास या शब्दालाही माझा विरोध नाही. मी स्वतः पुनर्विकास झालेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते, आणि लिफ्ट नसती तर या वयात मला बाहेर पडता आलं नसतं. आमची जुनी इमारत १९६० च्या दशकातली होती, सळ्या फुगून छताचे पोपडे पडत होते, ती पाडायलाच हवी होती. पण वीस कुटुंबांच्या डोक्यावर छत नीट राहावं म्हणून इमारत पाडणं निराळं, आणि वाचनालय नि बालवर्गासाठी दान मिळालेलं धडधाकट घर पाडून वर विकायचे फ्लॅट चढवणं निराळं. १९६८ चं जोडबांधकाम मात्र पाडायलाच हवं, ते खरोखर धोकादायक आहे. त्या जागी नवी स्वच्छतागृहं आणि उतरता रस्ता बांधा. त्याचा नकाशा मी काढून ठेवला आहे, मोबदला नको.

पैशांचंही सांगते. पन्हळ बदलणं, तीन वाशांना आणि त्या आडव्या लाकडाला सांधा देणं, फुटकी कौलं काढून नवी घालणं, या तातडीच्या कामाला सुतार आणि गवंडी यांनी मिळून दोन लाख दहा हजार रुपये सांगितले आहेत. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करणं, वायरिंग, नवी स्वच्छतागृहं धरून सगळं काम अठरा ते वीस लाखांच्या घरात जातं. पहिली रक्कम संस्थेच्या मुदतठेवींच्या एका वर्षाच्या व्याजाहून कमी आहे, ताळेबंद आपल्याच सहीचा आहे. दुसरी रक्कम पार्ल्यात उभी करता येईल. हे घर ज्यांच्या मुळाक्षरांचं घर आहे, अशी माणसं आज अमेरिकेपासून ठाण्यापर्यंत आहेत. त्यांना अजून कोणी विचारलेलंच नाही.

आता मागण्या, सरळ शब्दांत.

विकासकाशी करार करू नका, आणि केला असेल तर तो सभासदांपुढे ठेवा. विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची किंवा दीर्घ मुदतीने द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज केला आहे का, केला असेल तर त्याला ताईंचं बक्षीसपत्र जोडलं आहे का, हे लेखी कळवा.

लाकूड आणि चुना ज्यांना कळतो अशा अभियंत्याकडून दुसरी तपासणी करून घ्या. खर्चाची वर्गणी आम्ही जमा करतो. दोन अहवालांत तफावत आली, तर असे वाद तांत्रिक सल्लागार समितीकडे नेण्याची सोय महापालिकेच्या धोरणात आहे. तिथला निकाल मी मान्य करेन, तो माझ्याविरुद्ध गेला तरीही.

विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. विषय एकच ठेवा आणि तो विषयपत्रिकेवर पहिल्या ओळीत लिहा. बाहेरगावच्या आजीव सभासदांना टपालाने मत देऊ द्या.

या घराचा समावेश वारसा यादीच्या तिसऱ्या दर्जात व्हावा, असा प्रस्ताव संस्थेने स्वतःहून पाठवावा. 'यादीत नाही, म्हणून वारसा नाही' असं मला कार्यालयात सांगण्यात आलं. यादी मुख्यतः शहर भागाची झाली, उपनगरातली साधी घरं तिच्यात फारशी आलीच नाहीत. पण ती कायमची बंद झालेली नाही. नागरिकांच्या हरकती-सूचना मागवून तिच्यात भर घालण्याची तरतूद नियमावलीतच आहे. यादीत आलेल्या वास्तूच्या न वापरता आलेल्या बांधकाम हक्कांपोटी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारे बांधकामाचे हक्क, मिळण्याचीही सोय आहे. त्यातून संस्थेला काय मिळू शकतं, याचा एकदा जाणकाराकडून हिशेब करून घ्या. विकासकाच्या आकड्याशेजारी तो आकडा ठेवून मग सभासदांना विचारा.

आणि बाकी सगळ्याच्या आधी ती पन्हळ. मृग लागायला सात आठवडे राहिले आहेत. वादाचा निकाल काय लागायचा तो लागो, यंदाच्या पावसाचं पाणी त्या कोपऱ्यात पडता कामा नये. पन्हळीचं आणि कौलांचं काम करायला सुतार मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोकळे आहेत. मंडळाने परवानगीची दोन ओळींची चिठ्ठी दिली, तर त्या कामाचे पैसे मी भरते. परत मागणार नाही.

माझ्या मोजमापांचे नऊ नकाशे आणि वाशांच्या टोकांचे फोटो वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर, निळ्या फायलीत ठेवले आहेत. ग्रंथपालांची परवानगी घेतली आहे. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी तिथे असते. मंडळातल्या कोणीही यावं. माळ्यावर चढायची शिडी आणि टॉर्च मी घेऊन येते. वाशाची टोकं आपण आपल्या हाताने टोचून बघावीत.

आपली,
एक आजीव सभासद
विलेपार्ले (पूर्व), मुंबई